रूळ ओलांडायचे कसे? स्टेशन परिसराच्या पुनर्विकासाबद्दल कोकणात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्टेशनच्या पुनर्विकासाची बातमी आली की आधी व्हॉट्सअ‍ॅपवर काचेच्या इमारतीचं चित्र फिरतं, आणि मग प्रश्न सुरू होतात. पालिकेच्या सुनावण्या, सोसायट्यांच्या सभा आणि रिक्षा स्टँडवरच्या गप्पा यांत पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं सरकारी नाहीत. त्यात माझी मतंही आहेत आणि ती लपवलेली नाहीत. सगळ्यात मोठं मत आधीच सांगतो: स्टेशन परिसराचा प्रकल्प ज्याला गाडी पकडायची नाही त्याच्या नजरेने तपासावा. त्याला या बाजूने त्या बाजूला सुखाने जाता आलं तर प्रकल्प बरा, नाहीतर तो नुसता रंगरंगोटीचा.

रुळांमुळे शहर दुभंगतं म्हणजे नक्की काय होतं?

पनवेल बघा. एका बाजूला जुनं पनवेल: १८५२ सालची नगरपालिका, वडाळे तलाव, बाजारपेठ, गल्लीबोळ. दुसऱ्या बाजूला सिडकोने सेक्टर पाडून वसवलेलं नवीन पनवेल. मधे रेल्वे. २४ डब्यांची गाडी उभी राहायची तर फलाटच साडेपाचशे मीटरच्या वर लागतो. त्याला यार्ड, सिग्नल, कुंपण जोडा, म्हणजे ओलांडायच्या दोन जागांमध्ये भलंमोठं अंतर पडतं. समोरची इमारत खिडकीतून दिसते, तिथे कोण कपडे वाळत घालतंय तेही दिसतं, आणि जायला रिक्षा करावी लागते.

हळूहळू दोन्हीकडची माणसं आपापल्या बाजूचीच होऊन जातात. डॉक्टर, शाळा, भाजी, क्लास सगळं अलीकडे. पलीकडे जायचं ते लग्नाला नाहीतर कोर्टकचेरीच्या कामाला. २०१६ साली पनवेल महानगरपालिका झाली, आज दोन्ही बाजू एका कारभाराखाली आहेत, पण कागदावर एक झालेलं शहर पायाखाली एक व्हायला रस्ता लागतो. वसई, विरार, पालघर, बोईसर, डहाणू, सगळीकडे ‘पूर्व’ आणि ‘पश्चिम’ या शब्दांमागे हीच कथा आहे.

आमचं स्टेशन गावाबाहेर आहे. आम्हाला हा प्रश्न कशाला?

कोकण रेल्वे आली ती नव्वदच्या दशकात. गावं आधीच वसलेली होती, म्हणून मार्ग बहुतेक ठिकाणी गावाला वळसा घालून गेला. रत्नागिरीचं स्टेशन शहरापासून लांब कुवारबावच्या बाजूला, सावंतवाडी रोड तर मळगावात. तिथे आज रुळांनी शहर कापलेलं नाही. तिथला त्रास अंतराचा आहे: पहाटे उतरलं की रिक्षावाला म्हणेल तो भाव.

पण गाव स्टेशनकडे सरकतंच. आधी लॉज, मग हॉटेल, मग प्लॉटिंग, मग रुळांच्या पलीकडे ‘स्टेशनपासून पाच मिनिटांवर’ अशी जाहिरात असलेली कॉम्प्लेक्सं. ही पाच मिनिटं बऱ्याचदा रुळांवरून चालत मोजलेली असतात. पलीकडची वस्ती उभी राहण्याआधी ओलांडायची जागा राखून ठेवणं स्वस्त पडतं. वस्ती झाल्यावर तीच जागा भूसंपादन करून घ्यावी लागते, आणि कोकणात सातबाऱ्यावर किती नावं असतात ते सांगायला नको.

स्टेशन नक्की कुणाचं?

पत्र लिहिण्याआधी हे बघा, नाहीतर अर्ज ‘योग्य त्या कार्यालयाकडे वर्ग’ होण्यातच वर्ष जातं.

पनवेल, पेण, नागोठणे, रोहा ही स्टेशनं मध्य रेल्वेची. अनेकजण पनवेललाच कोकण रेल्वे सुरू झाली असं समजतात. ती रोह्याच्या पुढे सुरू होते आणि मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत ७४१ किलोमीटर जाते. तिचं महामंडळ वेगळं आहे, मुख्यालय बेलापूरला आणि विभागीय कार्यालयं रत्नागिरी आणि कारवारला. वसईपासून डहाणूपर्यंत पश्चिम रेल्वे. गोव्यात मडगाव, थिवी कोकण रेल्वेकडे, तर वास्को दक्षिण पश्चिम रेल्वेकडे.

महामंडळ वेगळं असण्याचा थेट परिणाम पैशांवर होतो. सुरुवातीच्या भांडवलात केंद्राचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा आणि केरळ प्रत्येकी ६ असा होता. इतर झोनना जसा अर्थसंकल्पातून निधी मिळतो तसा या महामंडळाला सरळ मिळत नाही. भारतीय रेल्वेत विलीनीकरणाची मागणी त्यातूनच पुढे आली आणि २०२५ मध्ये महाराष्ट्रानेही त्याला संमती दिली.

आणि हे झालं फक्त कुंपणाच्या आतलं. कुंपणाबाहेर पालिका किंवा ग्रामपंचायत, सार्वजनिक बांधकाम विभाग, काही ठिकाणी सिडको, राष्ट्रीय महामार्गवाले. पनवेलला तर कर्जत मार्गिकेमुळे मुंबई रेल्वे विकास महामंडळही आहे. पूल एक, पण त्याच्या एका टोकाचा मालक दुसऱ्या टोकाला ओळखत नाही, अशी परिस्थिती सर्रास असते.

दर्शनी भाग तर चकाचक झाला. हाच पुनर्विकास ना?

नाही. रत्नागिरी, कणकवली, कुडाळ, सावंतवाडी अशा स्टेशनांचा बाहेरचा भाग राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाने सजवला. कमानी झाल्या, रस्ते डांबरी-काँक्रीटचे झाले, दिवे लागले. स्टेशनला उतरल्यावर बरं वाटतं, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण ते सुशोभीकरण आहे, आणि ते स्टेशनच्या तोंडाचं आहे. पाठ जशीच्या तशी.

केंद्राच्या अमृत भारत स्टेशन योजनेच्या आखणीत मात्र शहराच्या दोन्ही बाजू स्टेशनने जोडाव्यात हे स्पष्ट लिहिलेलं आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये एकाच दिवशी ५०८ स्टेशनांची पायाभरणी झाली ती याच योजनेतली. तुमचं स्टेशन त्या यादीत असेल तर आराखड्यात दुसऱ्या बाजूचं प्रवेशद्वार कुठे आहे, हा पहिला प्रश्न विचारा. ‘टप्पा दोनमध्ये’ असं उत्तर आलं तर सावध व्हा. आपल्याकडे टप्पा दोन येतो तेव्हा टप्पा एकचा रंग उडालेला असतो.

पुलावरून नुसतं पलीकडे जायला तिकीट लागेल का?

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, आणि सुनावणीत तो क्वचितच विचारला जातो.

स्टेशनचे पूल दोन प्रकारचे. एक फक्त प्रवाशांचा: तो फलाटांवर उतरतो, तिकीट तपासणीच्या आत येतो, आणि त्यावर तुम्ही विनातिकीट सापडलात तर दंड होतो. प्लॅटफॉर्म तिकीट १० रुपये. म्हणजे पलीकडच्या किराणा दुकानातून कोथिंबीर आणायची तर जुडीइतकाच खर्च तिकिटाचा. दुसरा सार्वजनिक पादचारी पूल: रस्त्यावरून चढायचं, रस्त्यावर उतरायचं, मधे फलाटाला जोडलेला असला तरी ती वाट वेगळी. आराखड्यावर दोघांचं नाव ‘एफओबी’ (फूट ओव्हर ब्रिज) असंच असतं, म्हणून फसगत होते.

शहर जोडायचं असेल तर दुसरा प्रकार हवा, आणि तो रात्रीही उघडा हवा. शेवटची गाडी गेली की शटर ओढणारा पूल रात्रपाळीच्या नर्सला, पहाटे मासळी आणायला निघालेल्या बाईला, बारावीच्या क्लासहून परतणाऱ्या मुलीला काही कामाचा नाही. मग हीच माणसं काय करतात ते सगळ्यांना ठाऊक आहे: कुंपणाचा वाकवलेला गज, त्यातून पडलेली पायवाट, आणि रूळ. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ खाली हा गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तरी ती पायवाट मुजत नाही. माझं तर म्हणणं आहे की आराखडा करणाऱ्याने आधी कुंपणाला पडलेली भगदाडं मोजावीत. लोकांना नेमकं कुठून ओलांडायचंय ते तिथेच कळतं.

पूल बरा की भुयारी मार्ग?

मुंबईच्या आराखड्यांची नक्कल करण्याआधी जमीन बघा. कोकणात या प्रश्नाचं उत्तर जमीनच देते.

आपल्याकडचा मार्ग बहुतेक ठिकाणी एक तर भरावावरून जातो नाहीतर कातळ फोडून काढलेल्या खोदाईतून. रूळ पाच-सहा मीटर उंच भरावावर असतील तर रस्त्याच्या पातळीवरूनच खाली बोगद्यासारखी वाट काढता येते. चढायचं नाही, उतरायचं नाही, सायकल आणि हातगाडी सुद्धा सरळ जाते. रूळ खोल खोदाईत असतील तर दोन्ही काठांच्या पातळीवर पूल टाकता येतो, तोही बिनपायऱ्यांचा. या दोन्ही ठिकाणी पायऱ्यांचा पूल बांधणं म्हणजे निसर्गाने दिलेली सवलत नाकारणं.

सपाट जागी मात्र हिशेब करावा लागतो. कोकण रेल्वेचं विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झालं, त्यामुळे आता पुलाला वरच्या विजेच्या तारेला सोडून जावं लागतं. रुळापासून साधारण साडेसहा मीटर मोकळे, वर पुलाची जाडी, असे साडेसात मीटर झाले. पंधरा सेंटिमीटरची एक पायरी धरली तर पन्नास पायऱ्या वर आणि पन्नास खाली. व्हीलचेअरसाठी एकास बारा उताराचा रॅम्प करायचा तर एका बाजूला ९० मीटर लांबी, विसाव्याचे टप्पे वेगळेच. भुयारी मार्गाला चार-साडेचार मीटर खाली गेलं की पुरतं, पायऱ्या तिसाच्या आसपास, रॅम्प जवळजवळ निम्मा. गुडघे दुखणाऱ्या माणसाला विचारा, तो भुयारच निवडेल.

पण मग पाऊस. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो. पनवेल सपाट, गाढी नदीच्या काठी, खाडी जवळ, भरतीला पाणी उलटं येणार. तिथे भुयार खणलं तर पंप लागतो, पंपाला वीज लागते, आणि वीज नेमकी मुसळधार पावसातच जाते. म्हणून सपाट आणि सखल जागी माझं मत पुलाच्या बाजूने, पण रॅम्प आणि लिफ्टसकट. आणि त्याच्या छपराला बाजूंनीही आडोसा हवा. आपल्याकडे पाऊस वरून कमी आणि आडवा जास्त येतो हे पत्र्याचं नुसतं छप्पर काढणाऱ्याला कुणीतरी सांगायला हवं.

पायऱ्यांवर चकचकीत ग्रॅनाइट नको. जुलैत त्यावर शेवाळाचा हिरवा पापुद्रा धरतो आणि रबरी चप्पल घातलेला माणूस पहिल्या पायरीवरून थेट टप्प्यावर येतो. खरखरीत फरशी दिसायला साधी, पण ती पाय धरून ठेवते.

लिफ्ट आणि सरकते जिने आहेत ना?

आहेत, आणि हवेतच. पण त्यांच्या भरवशावर रॅम्प वगळू देऊ नका. उघड्यावरचा सरकता जिना पावसात आणि खाऱ्या हवेत वारंवार बंद पडतो, आणि बंद पडलेल्या सरकत्या जिन्याच्या पायऱ्या नेहमीच्या पायऱ्यांपेक्षा उंच असतात. शिवाय डोक्यावर मासळीची पाटी घेतलेली बाई सरकत्या जिन्यावर चढत नाही. दोन्ही हात पाटीला, कठडा धरायला तिसरा हात नाही, आणि वर पाय टेकताना जिना जो हलका झटका देतो त्याला ती घाबरते. ती बाजूच्या पायऱ्यांनीच जाते. त्या पायऱ्या अरुंद करून सरकत्या जिन्याला जागा दिली तर गैरसोय तिची होते.

पूल किती रुंद हवा?

गर्दी मोजून ठरवा, आणि मोजणी पावसाळ्यात करा. २९ सप्टेंबर २०१७ ला मुंबईत एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. अचानक पाऊस आला, लोक आडोशाला पुलावरच थांबले, मागून गाड्यांतून उतरलेली गर्दी येत राहिली. पूल चालायला बांधलेला असतो, पण पावसात लोक त्यावर उभे राहतात. म्हणून पुलाच्या दोन्ही टोकांना थांबायला छपराखालची मोकळी जागा हवी.

कोकणातली दुसरी कसोटी गणपतीची. एरवी सुनं असलेलं स्टेशन चतुर्थीच्या आदल्या पहाटे बघा: जादा गाडीतून उतरलेले चाकरमानी, प्रत्येकाकडे दोन बॅगा, एका हातात मखराचं सामान, कडेवर झोपलेलं पोर, आणि सगळ्यांना एकाच जिन्याने बाहेर जायचंय. त्या दिवशी जो जिना पुरतो तो वर्षभर पुरतो.

सरळ वाहनांसाठी उड्डाणपूल बांधा की. माणसंही त्यावरूनच जातील.

जात नाहीत. वाहनांचा पूल चढ सौम्य ठेवण्यासाठी दोन्ही बाजूंनी लांबवर जातो, म्हणून स्टेशनसमोरच्या माणसाला तो चढायला उलटं मागे चालत जावं लागतं. पदपथ असला तर हातभर, त्यावर दुचाकी. पुलाखालच्या जागेचं काय होतं ते वेगळं सांगत नाही.

फाटक असेल तर त्याच्या बदल्यात उड्डाणपुलाचा नियम आहे. फाटकातून जाणाऱ्या गाड्या आणि वाहनं यांचा गुणाकार एक लाखाच्या वर गेला की रेल्वे आणि राज्य निम्मा-निम्मा खर्च उचलतात. फाटकच नसेल आणि शहराला नवा पूल हवा असेल, तर ते ‘डिपॉझिट वर्क’ होतं: पैसे पालिकेने भरायचे, काम रेल्वे करणार. पालिकेचे नगरसेवक ‘रेल्वे पूल देत नाही’ म्हणतात तेव्हा पैसे भरले का, हे विचारायला हरकत नाही.

रिक्षा, एसटी आणि मिनीडोर (मोठ्या तीनचाकी रिक्षा) यांचं काय?

ठाण्याचा सॅटिस, म्हणजे स्टेशन परिसरातली वाहतूक सुधारायचा प्रकल्प, बघून या. स्टेशनच्या पश्चिमेला बस वरच्या डेकवर आणि रिक्षा खाली अशी विभागणी केली, आणि रेल्वेच्या पुलावरून थेट डेकवर जाता येईल अशी सोय केली. सगळं सुरळीत आहे असं कुणी ठाणेकर म्हणणार नाही, पण बस आणि रिक्षा एकमेकींच्या अंगावर येणं थांबलं.

आपल्या छोट्या स्टेशनांना डेकची गरज नाही. गरज आहे ती एसटी स्टेशनच्या दारात येण्याची. बऱ्याच ठिकाणी एसटी हमरस्त्यावर थांबते आणि आतलं अंतर रिक्षाच्या स्वाधीन होतं. बसला वळायला जागा नाही हे कारण दिलं जातं, आणि नव्या आराखड्यात त्याच जागी कारंजं असतं. रिक्षावाल्यांना शत्रू समजू नका, त्यांना दोन्ही बाजूंना स्टँड द्या. एकाच बाजूला स्टँड असेल तर दुसऱ्या बाजूचं भाडं वळसा धरून लागतं.

कोळणी, आंबेवाले, फेरीवाले यांना हाकलणार का?

मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्टेशनपासून १५० मीटरच्या आत फेरीवाल्यांना मनाई केली, त्याचा दाखला मुंबईबाहेरही दिला जातो. दुसरीकडे २०१४ चा पथविक्रेता कायदा सांगतो की आधी सर्वेक्षण करा, नगर विक्रेता समिती नेमा, त्यात किमान ४० टक्के विक्रेत्यांचे प्रतिनिधी घ्या, मग जागा ठरवा. छोट्या पालिकांत ही समिती कागदावरच असते.

व्यवहार सांगतो. माणसं ज्या वाटेने जातात त्या वाटेवर विक्री होणारच. एप्रिल-मेमध्ये हापूसच्या पेट्या, करवंदं, जांभळं घेऊन बायका स्टेशनवर येतात, कारण गिऱ्हाईक तिथे आहे. पुलाच्या पायथ्याशी ओटे, पाणी आणि निचरा देऊन जागा आखली तर पूल मोकळा राहतो आणि उजेड-वर्दळ असल्याने रात्री सुरक्षितही वाटतो. हाकललं तर दुसऱ्या दिवशी पाट्या पुलावर.

पैसे कुठून येतात? स्टेशनवर मॉल होणार का?

काही ठिकाणी होईल. रेल्वेची मोकळी जमीन भाडेपट्ट्याने देऊन पैसे उभे करायचं काम रेल्वे भूमी विकास प्राधिकरण करतं. मुंबईजवळच्या पनवेलसारख्या ठिकाणी अशा जमिनीला गिऱ्हाईक आहे. खेड किंवा राजापूर रोडला मॉल कोण काढणार? तिथे पैसा सरकारचाच. मॉलला माझा विरोध नाही. विरोध आहे तो पलीकडे जायची वाट मॉलमधून काढण्याला. रात्री दहाला मॉल बंद, की वाट बंद.

भराव टाकला, जागा उंचावली, तर पूर येईल का?

येऊ शकतो. रेल्वेचा भराव हा पाण्याच्या दृष्टीने बांधच असतो. डोंगरातून येणारा वहाळ त्याखालच्या मोरीतून जातो. पूर्वी शेतं होती तेव्हा मोरी पुरायची. आता वरच्या बाजूला काँक्रीट झालं, पाणी एकदम येतं, आणि मोरीत प्लास्टिक अडकलेलं. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हा वाशिष्ठीचं पाणी रेल्वे पुलाच्या धोक्याच्या पातळीवर गेलं आणि गाड्याही थांबल्या. त्या पुराची कारणं बरीच आहेत, पण नवी पार्किंगची जागा काँक्रीटने भरताना तिच्याखालचा वहाळ कुठे वळवला, हे नकाशावर दाखवा म्हणून सांगा. अनेक गावांत उन्हाळ्यात याच मोऱ्यांतून लोक पलीकडे जातात. तिथे वाट काढायची ठरली तर पाण्याची मोरी आणि माणसांची वाट वेगळी ठेवावी, हे उघड आहे, तरी सांगावं लागतं.

रेल्वे आणि पालिका एकत्र काम करतात का?

कधी कधी. अंधेरीचा गोखले पूल आठवा. पाडून नव्याने बांधला, रेल्वेच्या नव्या उंचीच्या नियमामुळे तो उंच झाला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये उघडला तेव्हा शेजारचा बर्फीवाला पूल त्याच्यापेक्षा चांगलाच खाली राहिला. नंतर बर्फीवाला पूल जॅक लावून उचलावा लागला. इतक्या मोठ्या शहरात हे होतं, तर आपल्याकडे पुलाचा शेवटचा जिना गटारावर उतरला तर नवल नाही.

परदेशात कुणी हे नीट केलंय का?

नेदरलँड्समध्ये बघण्यासारखं आहे. अ‍ॅम्स्टरडॅमच्या मुख्य स्टेशनखाली २०१५ साली फक्त चालणारे आणि सायकलवाले यांच्यासाठी ११० मीटर लांबीचा बोगदा उघडला. तिकीट नाही, दार नाही, दिवसरात्र खुला. उत्रेख्तमध्ये तर स्टेशन परिसराचा आराखडा निवडायला २००२ मध्ये नागरिकांनी मतदान केलं, आणि जुना कालवा बुजवून केलेला मोठा रस्ता उखडून २०२० मध्ये तिथे पुन्हा पाणी आणलं. पण त्यांच्या बोगद्याचं चित्र आपल्या आराखड्यात चिकटवून उपयोग नाही. त्यांच्याकडे आषाढ नसतो.

काम किती वर्षं चालेल?

फलकावर लिहिलेल्या तारखेत दोन पावसाळे मिळवा. जूनपासून कोकण रेल्वेवर पावसाळी वेळापत्रक, गाड्यांचा वेग कमी, खोदकाम बंद. रुळांवर गर्डर टाकायला ब्लॉक, म्हणजे गाड्या थांबवून दिलेला कामाचा वेळ, लागतो आणि एकेरी मार्गावर तो मिळवणं सोपं नाही. रोहा ते वीर हा टप्पा सोडला तर बराचसा मार्ग अजून एकेरीच आहे. गणपतीत, मेमध्ये, शिमग्यात ब्लॉक मिळत नाही. उरले किती महिने ते मोजा. त्या काळात जुना जिना तोडण्याआधी तात्पुरती वाट सुरू झाली पाहिजे, एवढी अट मात्र घालून घ्या.

आम्ही नेमकं मागायचं काय आणि कुठे?

आधी जीएडी मागा, म्हणजे जनरल अरेंजमेंट ड्रॉइंग, कामाच्या एकूण मांडणीचा नकाशा. रंगीत चित्र नको. माहितीच्या अधिकारात १० रुपयांचा अर्ज करा, उत्तराची मुदत ३० दिवस. त्या नकाशावर तिकीट तपासणीची रेषा शोधा आणि बघा, ती न ओलांडता रस्त्यावरून रस्त्यावर जाता येतं का. मग रॅम्पचा उतार, पुलाची रुंदी, दोन्ही टोकांच्या जमिनीचा मालक, पाण्याचा निचरा. एवढं बघितलं की सुनावणीत तुमचं म्हणणं ‘नागरिकांच्या भावना’ या सदरात जात नाही.

पालिकेच्या विकास आराखड्यात बदल होत असेल तर हरकती-सूचनांची मुदत नोटिशीत छापलेली असते. ती नोटीस पेपरात आतल्या पानावर, बारीक अक्षरात येते. हरकत लेखी द्या आणि पोच घ्या. रेल्वेच्या हद्दीतल्या कामाला पालिकेची परवानगी लागतेच असं नाही, रेल्वे कायद्याने त्यांना स्वतंत्र अधिकार आहेत. म्हणून एक प्रत विभागीय व्यवस्थापकांना आणि एक खासदारांना पाठवलेली बरी.

पूल झाला. झाडणार कोण आणि दिवे लावणार कोण?

हे आत्ताच ठरवून घ्या. रेल्वेचा सफाई कंत्राटदार हद्दीच्या रेषेपर्यंत झाडतो आणि थांबतो. त्यापुढच्या आठ-दहा पायऱ्या पालिकेच्या, तिथे पानांचा चिखल, गुटख्याच्या पिचकाऱ्या आणि झोपलेली कुत्री. दिवा गेला तर रेल्वे म्हणते खांब पालिकेचा, पालिका म्हणते मीटर रेल्वेचा. हद्दीच्या आतली तक्रार १३९ वर करता येते, बाहेरची पालिकेकडे. पण त्याआधी, प्रकल्पाचा ठराव मंजूर होतानाच सफाई, दुरुस्ती, लिफ्टची देखभाल आणि रात्रीचा रखवालदार कुणाचा हे करारात लिहून घ्या. वीजबिल कुणाच्या नावावर येणार तेसुद्धा.